डुबुक

"मॅडम, मोबाईल द्या ना त्याच्या हातात. गप्प बसेल."

आज सकाळी साडेनऊला, पवई तलावाच्या काठावर, एका संपूर्ण अनोळखी गृहस्थांनी मला हे ऐकवलं. आता रात्रीचे सव्वाअकरा झालेत. चिरंजीव झोपलेत, ओटा पुसून झालाय, आणि ते वाक्य अजून कानाशी डासासारखं गुणगुणतंय. म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी अंगठा दाखवून पुढे जावं, राग नाही.

आमचे चिरंजीव सव्वादोन वर्षांचे. गेले दोन महिने त्यांना 'डुबुक'चं वेड लागलंय. आंघोळीच्या बादलीत साबण डुबुक. आमटीत लाडू डुबुक. परवा आजीचा चष्मा पिंपात डुबुक, तेव्हा मात्र घरात थोडा वेळ कोणी कोणाशी बोललं नाही. शेवटी बाबा (माझे सासरे) म्हणाले, "अगं, बादलीवर किती दिवस भागवणार तो? त्याला एकदा मोठं पाणी दाखवू." भांडुपहून पवई काही लांब नाही. रविवार, थंडी (म्हणजे मुंबईत जिला थंडी म्हणतात ती, बिनबाह्यांच्या स्वेटरची), सकाळचे रस्ते मोकळे. ठरलं.

दोन तासांच्या या सहलीसाठी निघालेलं सामान: चार डायपर, कपड्यांचे तीन जोड, कानटोपी, उन्हाची टोपी, मुगाची खिचडी, केळी, पोळीचे लाडू, आईंचा चहाचा थर्मास आणि एक रिकामी वाटी, जी कोणी का घेतली ते अजून उघडकीला आलेलं नाही. दोन रिक्षा केल्या. एकीत पिशव्या आणि नवरा, दुसरीत आम्ही माणसं.

तलाव दिसल्यावर बाबांनी माहिती सुरू केली. १८९०च्या सुमारास इंग्रजांनी मुंबईला पाणी पाजायला हा बांधला आणि थोड्याच वर्षांत पाणी पिण्यालायक नाही म्हणून नाद सोडला. मावतं किती, तर ५४५ कोटी लिटर. दर पावसाळ्यात पेपरात बातमी असतेच, पवई तलाव भरून वाहू लागला, आणि तिच्याच शेपटाला, हे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. चिरंजीवांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डगड?"

आता मंडळी, खरी गंमत इथे आहे. दगड कुठाय? तुम्ही कधी मुंबईत दगड शोधलाय? मी आज शोधला. पेव्हर ब्लॉक आहेत. काँक्रीट आहे. टाइल्स आहेत. बाटल्यांची झाकणं आहेत, गुटख्याच्या पुड्या आहेत, निर्माल्याची गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी आहे (ती टाकणाऱ्यांबद्दल वेगळी पोस्ट लिहीन, आज ताकद नाही). पण दोन वर्षांच्या मुठीत मावेल असा एक साधा खडा या शहरात रस्त्यावर पडलेला नाही. नवरा वाकून वाकून शोधत होता, लोकांना वाटलं याची अंगठी हरवली.

आणि मग बाबांनी बुशशर्टच्या खिशात हात घातला. अकरा खडे. धुतलेले! शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथल्या रेतीच्या ढिगातून शनिवारी संध्याकाळी वेचून आणले होते म्हणे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. कोणाला बोलले नव्हते. मी आत्ता हे टाइप करताना पुन्हा एकदा डोळे पुसले, पण ते सोडा, मला रागावायचंय.

तर बाबांनी त्याला कडेवर घेतलं, रेलिंगवरून त्याचा हात बाहेर काढला, आणि त्याने खडा टाकला. काहीच झालं नाही. कारण खाली पाणी नव्हतंच. जलपर्णी होती. काठापासून आत पुढपर्यंत नुसती हिरवीगार सतरंजी, आणि खडा त्या सतरंजीवर जाऊन बसला. आवाज नाही, तरंग नाही. पोरगं वाट बघत राहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणालं, "डुबुक नाय."

दुसरा टाकला. डुबुक नाय. तिसरा. डुबुक नाय. मग जे रडणं सुरू झालं ते पार रस्त्यापलीकडे ऐकू गेलं असेल. आणि नेमके तेव्हाच ते गृहस्थ हात जोरजोरात हलवत चालण्याच्या चौथ्या की पाचव्या फेरीला आमच्यापाशी आले, कानातलं एक बोंडूक काढलं आणि म्हणाले, मॅडम, मोबाईल द्या ना त्याच्या हातात.

गप्प बसेल!

अहो, त्याला गप्प बसवायला मी त्याला तलावावर आणलं का? गप्प बसवायचं असतं तर घरी सोफा आहे, टीव्ही आहे, भिंती आहेत. पाण्यात दगड टाकला तर डुबुक वाजतं, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही म्हणून तो रडला. मला तर ते अत्यंत रास्त रडणं वाटलं. आपण मोठे लोक याहून फालतू कारणांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर तीन-तीन दिवस रडतो.

या शहरात लहान मूल दिसावं, पण ऐकू येऊ नये, असं कधी ठरलं? लोकलमध्ये रडलं तर माना वळतात. हॉटेलात रडलं तर वेटर बिल आणतो. निदान उघड्या आकाशाखाली, रस्त्यावर शंभर हॉर्न वाजत असताना, मेट्रोच्या खांबांच्या धुळीत, एका पोराच्या आवाजाने कोणाची शांतता भंगली? त्या हॉर्नवाल्यांना जाऊन सांगा की मोबाईल देतो, गप्प बसा.

आणि पाण्याचं म्हणाल तर जुलैत या शहरातलं प्रत्येक माणूस धरणतज्ज्ञ असतं. भातसात किती टक्के, तानसा भरला का, मोडक सागर कधी भरणार, सगळं तोंडपाठ. सात तलावांचं पाणी पितो आपण. त्यातले विहार आणि तुळशी तर आपल्या उशाशी, राष्ट्रीय उद्यानात. पण हात कुठे लावता येतो? जे होते ते बुजवले. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. बसची पाटी वाचून पोराला काय दाखवू, की बघ राजा, इथे आधी डुबुक होतं?

पवईत मगरी आहेत, मान्य. रेलिंग उगाच नाही. विहारला कोणालाही सोडत नाहीत, तेही बरोबरच आहे, पिण्याचं पाणी आहे. आणि आत्ता कोणीतरी बाणगंगेला जा म्हणून लिहिणार आहे, तेव्हा आधीच सांगते, हो, तिथे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, माहितीय. पण त्या पवित्र कुंडात आमच्या चिरंजीवांनी दगडफेक केली तर भटजी आम्हाला काय म्हणतील याची कल्पना करा.

मी ठाण्याची. तलावपाळीला दर रविवारी बाबा (हे माझे माहेरचे बाबा) घेऊन जायचे. मी तिथे काय करायचे ते आठवत नाही खरं तर. कोपिनेश्वराला नमस्कार, मग भेळ, हे आठवतं. पाण्यात कधी हात घातला का? बहुतेक नाही. तिथेही कठडा होताच. म्हणजे मी जे 'आमच्या लहानपणी' म्हणून सुरू करणार होते ते इथेच बंद करते.

बरं, पुढे ऐका. आई म्हणाल्या, "पुढे चालत जाऊ, तिकडे पाणी मोकळं दिसतंय." त्या एरवी गुडघ्यांमुळे जिन्याचे दोन मजले उतरायला तयार नसतात. गेलो. वाटेत एक पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता, त्याला बघून रडणं थांबलं. "काऊ कपडे वाळत." मला हे इथे लिहून ठेवायचंय, कारण उद्या विसरेन. त्या क्षणी कोणाच्याही हातात मोबाईल नव्हता, गृहस्थ! नवऱ्याच्या सोडून. नवऱ्याने पाणकावळ्याचे चौदा फोटो काढले, त्यातल्या अकरांत रेलिंग आहे.

पुढे खरंच पाणी उघडं होतं. बाबांनी पुन्हा उचललं. खडा गेला.

डुबुक.

आणि लगेच मागून शिट्टी. पीऽऽऽ! "ओ काका, दगड नाही मारायचा तिकडं!" सिक्युरिटीचा मुलगा, असेल वीस-बावीसचा. बाबा ओशाळले, त्यांनी खिशावर हात ठेवला, जसं काही चोरीचा मालच होता. मला इतकं वाईट वाटलं त्या हाताचं. पण चिरंजीव? त्यांना वाटलं हा सगळा एकच खेळ आहे. दगड टाकला की डुबुक, आणि डुबुक झालं की मागून पी. टाळ्या पिटायला लागले. "अजून! डुबुक पीऽ!" त्या मुलाला हसू आवरेना. मग म्हणाला, "आमचे साहेब राउंडला येतात, मला बोलणी बसतील. लवकर उरका." आणि पाठ फिरवून उभा राहिला. प्रत्येक डुबुकनंतर, पाठमोराच, हळूच शिट्टी वाजवायचा. चार वेळा.

नियम नियम असतात, तलावात दगड टाकू नये, हेही खरं असेल. प्रत्येकाने अकरा खडे टाकले तर तलाव बुजेल, हा आमच्या नवऱ्याचा मुद्दा. अरे बाबा, हा तलाव खड्यांनी बुजेल की सांडपाण्याने? काठाने सायकल ट्रॅक बांधायला निघाले होते, २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला म्हणून थांबलं. तेव्हा कोणी शिट्टी वाजवली होती का? वाजवली, खरं तर. त्याच बाजूच्या आयआयटीतल्या पोरांनीच न्यायालयात जाऊन वाजवली. तेवढं श्रेय देते.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही असा विचार दहा मिनिटं करत होते.

परतीच्या रिक्षात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पाऊण तास अडकलो. ऊन चढलेलं, खिचडी नाकारलेली, झोप आलेली पण येत नसलेली. त्याने माझे केस ओढले, आईंचा चष्मा ओढला, रिक्षावाल्याची कॉलर ओढली. आणि मी पर्स उघडली आणि त्याच्या हातात मोबाईल दिला.

गप्प बसला.

आई काही बोलल्या नाहीत. रिक्षाबाहेर बघत राहिल्या. हे जास्त लागलं. म्हणजे ते गृहस्थ बरोबर होते का? नाही! बरोबर नव्हते. पाऊण तास ट्रॅफिकमध्ये आणि मोकळ्या तलावावर, यात फरक आहे. आहे ना? त्यांना दोन नातवंडं असतील, सून सकाळपासून दमली असेल, त्यांच्या घरात हाच उपाय चालत असेल, आणि त्यांनी मला मदतच करायची म्हणून सांगितलं असेल. असेल. तरी त्यांनी थांबून एक खडा टाकून बघायला हवा होता.

आत्ता आई बाल्कनीतून हाक मारतायत की मशिनमध्ये काहीतरी खडखडतंय. बाबांचा बुशशर्ट. अकरातले तीन जलपर्णीवर, पाच पाण्यात. हिशोब करा.

भांडुप-मुलुंड-ठाणे पट्ट्यात, पोराचा हात पाण्याला लागेल आणि मगर नसेल अशी जागा कोणाला माहीत असेल तर कळवा. पुढचा रविवार मोकळा आहे, माल शिल्लक आहे. रिसॉर्टच्या जाहिराती टाकणाऱ्यांना ब्लॉक करणार आहे.