कॅमेरा बंद असला तरी

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, संख्याशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सचा पहिला आठवडा मी ओळखीपाळखीत घालवला. खेड्यातल्या पोरांचा मोबाइल डेटा गप्पांत उडवण्यापेक्षा धडा शिकवायला हवा होता.

डेटाचं मान्य. आमच्या यवतमाळकडच्या गावांत लाइन गेली की रेंजही जाते, म्हणून मी कॅमेरा सुरू करायला लावत नाही. पण त्या गप्पा नव्हत्या. १९७६ साली शॉर्ट, विल्यम्स आणि ख्रिस्ती या संशोधकांनी 'सोशल प्रेझेन्स', म्हणजे दूर असूनही समोर खरा माणूस आहे असं जाणवणं, ही कल्पना मांडली, तेव्हा ते हा माध्यमाचा गुण मानत. २००० साली गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी मात्र निव्वळ लेखी चर्चेतही माणूस माणूस म्हणून समोरच्याला जाणवू शकतो, असं मांडलं. आमच्या पोरांसाठी हे फार मोलाचं आहे.

मी छंद विचारले नाहीत. विचारलं, 'यंदा वावरात काय आहे?' उत्तर मिनिटभराच्या व्हॉइस मेसेजमध्ये, घरच्या बोलीत. आधीच्या कोर्सात फक्त 'येस मॅडम' लिहिणारी एक पोरगी बोलली, 'आमच्या वावरात पऱ्हाटी (कपाशी) हाये. सापळ्यातले पतंग मीच मोजतो.'

सरासरीच्या धड्याला मी तिचेच आकडे घेतले. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, की गुलाबी बोंडअळीवर उपाय करायची वेळ झाली असं धरतात. तिच्या सात रात्रींची सरासरी आठच्या खाली होती. एक पोरगा म्हणाला, फवारणी नको. ती लगेच म्हणाली, 'सरासरी काय पायतं भाऊ, सोमवार ते बुधवार पाय!' तिन्ही रात्री आकडा आठच्या वर होता. सरासरीत काय लपतं, हे मी सांगायच्या आधी पोरांनी आपसांत भांडून काढलं. अनोळखी पोराला तिनं असं भर वर्गात खोडलं असतं? मला नाही वाटत.

तुमचं एक म्हणणं मात्र लागलं. गॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्याच मांडणीत ओळखीसोबत विचार आणि शिक्षकाचं शिकवणंही लागतं, आणि मी शिकवायला उशीर केला. पुढच्या बॅचला ओळख आणि पहिलं गणित एकाच दिवशी घेईन: ज्यानं त्यानं आपल्या वावराचा एक आकडा घेऊन यायचं.