गेटवरच्या पोराचं कोण ऐकतं?

गर्दीच्या जागांनी दहशतवादी हल्ल्याची तयारी ठेवायलाच हवी, असं सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या 'मार्टिन्स लॉ'बद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

22 मे 2017 ला मँचेस्टर अरीनात गाण्याचा कार्यक्रम संपून पोरंसोरं बाहेर पडत असताना आत्मघाती स्फोट झाला. 22 जण गेले. त्यातल्या 29 वर्षांच्या मार्टिन हेटच्या आईने, फिगन मरी यांनी, पुढची कित्येक वर्षं सरकारचा पिच्छा पुरवला. 2024 मध्ये तर त्या मँचेस्टरहून लंडनला चालत गेल्या. 3 एप्रिल 2025 ला मार्टिनच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा झाला. तयारीसाठी किमान 24 महिने दिलेत.

एका वेळी 200 ते 799 माणसं जमू शकतील अशा जागेने चार गोष्टी ठरवून ठेवायच्या: लोकांना बाहेर कसं काढायचं, बाहेर धोका असेल तर आत सुरक्षित कुठे न्यायचं, दारं कशी बंद करायची आणि हे सगळं लोकांना कळवायचं कसं. महागडी यंत्रं घ्यायची सक्ती नाही. 800 किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर मग सीसीटीव्ही, ये-जा करण्यावर नियंत्रण, लेखी आराखडा, जबाबदार वरिष्ठ व्यक्ती वगैरे. मोठ्या जागांना दंड 1 कोटी 80 लाख पौंडांपर्यंत किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या 5 टक्के, जे जास्त असेल ते. आधीच्या मसुद्यात मर्यादा 100 माणसांची होती. गावातले छोटे हॉल, चर्चवाले, स्वयंसेवी संस्था ओरडल्या, म्हणून ती 200 वर नेली. तिकडची आपली मंडळं गणपती-दिवाळीला असेच हॉल भाड्याने घेतात, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी हॉलवाल्याला आत्तापासून विचारायला हरकत नाही.

कायदा मला पटतो. पण माझं मन अडकलंय ते चौकशी अहवालात. स्फोटाची चौकशी करणारे निवृत्त न्यायाधीश सर जॉन सॉन्डर्स यांच्या अहवालाचा पहिला खंड जून 2021 मध्ये आला. हल्लेखोर तिकीट तपासणीच्या बाहेरच्या लॉबीत, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाठीवर भली मोठी बॅग घेऊन थांबला होता. मुलीला न्यायला आलेल्या एका बापाला संशय आला. त्याने सरळ जाऊन विचारलं, बॅगेत काय आहे? आणि मग कर्मचाऱ्याला सांगितलं. तो पोरगा 19 वर्षांचा. त्याने 18 वर्षांच्या गार्डला सांगितलं. गार्डने रेडिओवर कंट्रोल रूमला गाठायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि प्रकरण तिथेच थांबलं. आपला अंदाज चुकला तर लोक वंशवादी म्हणतील, ही भीतीही त्याच्या मनात होती.

म्हणजे बघणारा होता, सांगणाराही होता. ऐकणारा नव्हता. सुरक्षा कंपनी, अरीनाचे चालक आणि रेल्वे पोलीस या तिघांच्या चुका चौकशीने दाखवल्या. मला राग येतो तो एवढा मोठा भार विशीही न गाठलेल्या दोन पोरांवर टाकणाऱ्या व्यवस्थेचा.

आता गंमत बघा. ब्रिटनमध्ये 2001 च्या कायद्याने परवाना लागतो गार्डला. त्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीला परवाना सक्तीचा नाही, मान्यता घ्यायची तर ऐच्छिक. कंपन्यांनाही परवाना लावण्याचा विचार करा, असं सॉन्डर्स यांनी सुचवलं, तरी मार्टिन्स लॉमध्ये ते नाही. आपल्याकडे नेमकं उलटं! 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात परवाना एजन्सीला, आणि गार्डला प्रशिक्षण. नियमात 160 तासांचं प्रशिक्षण आहे. तुमच्या मॉलच्या गेटवर गाडीची डिकी उघडून लगेच धाडकन लावणाऱ्या दादांना एकदा विचारून बघा, त्यातले किती तास पदरात पडले. दोष त्यांचा नाही. बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला संशय आलाच, तर त्याने कुणाला फोन करायचा, हे तरी त्याला कुणी सांगितलंय का?

26/11 ला सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माईकवरून सतत घोषणा करत लोकलच्या प्रवाशांना गोळीबारापासून दूर, मागच्या बाजूने बाहेर पडायला लावलं. किती जीव वाचले. मार्टिन्स लॉमधली 'कळवायचं कसं' ही चौथी गोष्ट म्हणजे हेच. फरक एवढाच की तिथे एका माणसाची अक्कल कामाला आली. त्या जागी दुसरा कुणी घाबरून माईक सोडून पळाला असता तर त्यालाही दोष देता आला नसता.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा 2006 चा कायदा आहे. यंत्रणा चालू आहे असा 'फॉर्म बी' दर जानेवारी आणि जुलैला द्यावा लागतो. (कसा दिला जातो, त्यावर वेगळी पोस्ट होईल.) माझं म्हणणं, नाट्यगृहं, मंगल कार्यालयं, मॉल यांच्यासाठी त्याच फॉर्मसोबत एक पान जोडा: चार गोष्टी ठरल्यात का, शेवटचा सराव कधी झाला, त्यात रात्रपाळीचे गार्ड होते का, आणि संशय आला तर गार्डने ज्याला कळवायचं त्या माणसाचं नाव व नंबर. नवं खातं नको, नवा इन्स्पेक्टर तर नकोच.

कागदी घोडे वाढतील, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय सुचत असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. मॉलमध्ये किंवा थिएटरात सुरक्षेचं काम केलेलं कुणी इथे असेल, तर त्यांनी आधी लिहा.