भावना दाराबाहेर कोणी ठेवायच्या?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सामाईक जमिनीच्या वाटणीचा दावा वर्षानुवर्षे तारखांवर चालला आहे. 2025 च्या जुलै ते सप्टेंबर या काळात देशभर मध्यस्थीची मोहीम राबवली गेली, तेव्हापासून आपणही मध्यस्थाकडे जावे असे भावकीतल्या बहुतेकांना वाटू लागले आहे. त्यावर वकिली करणाऱ्या माझ्या चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅप समूहावर लिहिले, की जायचे तर प्रत्येकाने भावना चपलांबरोबर दाराबाहेर ठेवाव्यात आणि एकर-गुंठ्यांवरच बोलावे. आणि खाली पुस्ती जोडली, ‘दादाकडे ऑस्ट्रेलियात बघा, आवाज न चढवता मिटवतात.’

माझ्या नावाने दिलेला हा दाखला मला मान्य नाही.

मेलबर्नमध्ये आमचे आणि शेजाऱ्याचे मधले कुंपण बदलायचे होते, तेव्हा आवाज चढला नाही, हे खरे आहे. व्हिक्टोरियाच्या 1968 च्या कुंपण कायद्याप्रमाणे पुरेशा कुंपणाचा खर्च दोन्ही मालकांनी निम्मा-निम्मा करायचा, नोटीस द्यायची, 30 दिवसांत जमले नाही तर न्यायालयात जाता येते, आणि मोफत मध्यस्थीचीही सोय आहे. शेजाऱ्याला अधिक महागडे कुंपण हवे होते, वरचा खर्च त्याने दिला आणि विषय संपला. मात्र त्या पट्ट्यात आमच्या कोणत्याही पिढीने दुष्काळ काढलेला नाही आणि उद्या घर विकले तर ते कुंपण माझ्या स्वप्नातही येणार नाही. गावाकडे धुरा, म्हणजे शेताचा बांध, हातभर कोरला गेला, तर वाद हातभर मातीचा नसतो. वडील वारल्यावर आपल्याला कोणी विचारात घेत नाही, हे त्या माणसाला त्या हातभर जागेत दिसत असते.

जिथे खरोखर जिवाचे असते, तिथे हे लोकही आपल्याइतकेच पेटतात. कौटुंबिक कायद्यातल्या 2006 च्या सुधारणांनंतर येथे मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात जाण्याआधी, हिंसाचारासारखे अपवाद सोडले तर, मध्यस्थीचा प्रयत्न केल्याचे प्रमाणपत्र लागते. त्या बैठकांत भावना बाहेर ठेवायला कोणी सांगत नाही. दोघांना समोरासमोर बसणे जमत नसेल तर वेगळ्या खोल्यांत बसवतात, मध्यस्थ निरोप घेऊन ये-जा करतो, आणि एका पक्षाला भीतीपोटी मोकळे बोलताच येणार नाही असे दिसले, तर हे प्रकरण मध्यस्थीयोग्य नाही असेही लिहून देतो. हे आपल्याकडच्या पारावरच्या पंचांना सुचले नव्हते, असे मी म्हणालो तर गावाकडे राग येईल. पण पारावर बाया बसत नव्हत्या, एवढे तरी मान्य व्हावे.

माझा खरा आक्षेप येथेच आहे. ‘भावना आवरा’ हे आपण नेहमी कोणाला सांगतो? थोरला भाऊ टेबलावर हात आपटतो, तेव्हा ती घराण्याची तळमळ ठरते; बहिणीचा आवाज कापरा झाला की तो तमाशा होतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो आणखी स्पष्ट केला, तरीही हक्कसोडपत्रावर सही करताना ती गप्प असते आणि त्या गप्प बसण्यालाच आपण संमती म्हणतो. चांगला मध्यस्थ अशा वेळी बैठक थांबवून तिच्याशी स्वतंत्रपणे बोलतो, आणि तिथले बोलणे तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पक्षाला सांगत नाही. मध्यस्थीतले बोलणे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही, या नियमाचाही अर्थ हाच, की माणसाला मनातले ओकता यावे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात 120 दिवस आणि गरज पडल्यास आणखी 60 दिवस दिलेले आहेत. त्यांतले पहिले काही दिवस रागाला द्यायला काय हरकत आहे?

आकड्यांनीच मिटत असते, तर सलोखा योजनेने गावेच्या गावे शांत झाली असती. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि त्याची ह्याच्याकडे, असा घोळ किमान बारा वर्षांचा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये, इतके महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये स्वस्त केले. तरीही दस्तावर दोघांची सही लागते, आणि एकमेकांच्या लग्नकार्यातही न जाणारे दोन भाऊ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका बाकावर कसे बसणार, याचे उत्तर त्या दोन हजारांत मिळत नाही.

हे सगळे मी समूहावर लिहिले, तेव्हा चुलतभावाने शांतपणे विचारले, ‘दादा, तू तर परत येणार नाहीस, मग तुझा हिस्सा विकून मोकळा का होत नाहीस?’ कायद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. मी पेरणीला नसतो, नुकसानीचे पंचनामे होतात तेव्हा नसतो, सातबाऱ्यावर नाव मात्र आहे. आणि ते नाव गेले तर त्या गावात मी कोणाचा कोण, हे सांगायला माझ्याकडे दुसरा कागद नाही. कुंपणाच्या वेळी समंजस वाटलेल्या माणसाने तेव्हा जे उत्तर दिले, ते येथे छापण्यासारखे नाही. मध्यस्थीला मी दूरदृश्य पद्धतीने हजर राहणार आहे आणि माझी अट एवढीच आहे, की आधी बहिणींचे ऐकून घ्यावे, तेही आम्हा भावांना बाहेर बसवून.