अर्ज डोक्यातच ठेवा

पत्र लिहायचंय? मग आधी हातातलं पेन खाली ठेवा. कागदावर उतरलं की पत्राची कळा जाते. डोक्यात खाडाखोड नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि तिथं तुमच्याएवढा बाणेदार लेखक अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात दुसरा नाही.

जागा मात्र नीट निवडा. खानापूर-बेळगाव बसमधली खिडकी उत्तम. देसूरपर्यंत सूर नम्र ठेवा, 'मा. तहसीलदार साहेब, विनंती अशी की'. मच्छे आलं की 'खेदाने नमूद करावे लागते'. पिरनवाडीला घटनेचं ३५० वं कलम बाहेर काढा: गाऱ्हाणं मांडायला राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते! उद्यमबागेत साहेब खुर्चीतून उठून हात जोडताना दिसेल. कंडक्टरचं 'इळीरी, इळीरी' ऐकू आलं की मजकूर सीटवर ठेवून उतरा. उताऱ्यावर वडिलांच्या जागी काकांचं नाव पडलंय हे सांगायचं राहिलंच, पण भाषा काय झाली होती!

घरगुती पत्राची रीत निराळी. कोल्हापूरच्या थोरल्या भावाला 'ती. दादास, सा. न. वि. वि.', मग आईचे गुडघे, मग हळूच वाटणीचा विषय. त्याचं उत्तरही तुम्हीच रचा. त्यात तो हमखास वेडंवाकडं बोलतो आणि तुम्ही जिंकता. मग त्या उत्तराचा राग धरून त्याच्या नातवाच्या बारशाला जाऊ नका. (दादाला यातलं काहीच ठाऊक नसतं, हा त्याचा दोष.)

बायको विचारेल, "अर्ज दिलासा की न्हाई ओ?" सांगा, "मजकूर झालाय, निस्ता उतरवायचा हाय."

तरी पाठ सोडली नाही तर सीमाप्रश्न पुढं करा. १९५६ ला राज्यपुनर्रचना, १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात. सगळं रीतसर, टंकून, शिक्के मारून. एवढे गठ्ठे जागचे हलले नाहीत, तर तुमच्या एका पानाला कसली घाई?

आणि एवढ्यावरही पेन हातात आलंच, तर पहिल्यांदा तारीख घाला. तारखेसाठी उठून कॅलेंडर बघा. दुसरा शनिवार निघाला तर उत्तमच. कचेरी बंद, अर्ज घेणार कोण?