छप्पन्न टक्के आणि 'अंहं'

आज सकाळी सहा वाजता आमच्या फ्लोरिडातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, "फ्लोरिडा वाचला! गर्दुल्ले हरले!" पुढे तीन पणत्या आणि एक लाडू. आठ वाजेपर्यंत त्याला एकवीस अंगठे. मी ऑफिसला जाऊन आलो, जेवलो, भांडी लावली, तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे. कंटाळा आला तर खुशाल सरका पुढे.

आधी नाशिकच्या आत्यासाठी, कारण ती नक्की फोन करून विचारेल. काल, म्हणजे ५ नोव्हेंबर २०२४ला, इथे नुसती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नव्हती. त्याच मतपत्रिकेवर खाली राज्याच्या घटनादुरुस्तीचे प्रश्न होते. त्यातला तिसरा असा, की एकवीस वर्षांवरच्या माणसाने स्वतःपुरता तीन औंस, म्हणजे साधारण ८५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ ठेवला तर तो गुन्हा धरू नये आणि परवाना असलेल्या दुकानांना तो विकू द्यावा. हो म्हणाले जवळजवळ ५६ टक्के. तरी प्रश्न हरला. कारण फ्लोरिडात घटना बदलायला ६० टक्के लागतात. आता गंमत ऐक आत्या, हा साठचा नियम लोकांनी २००६ साली मतदानानेच आणला, आणि त्याला तेव्हा पुरती ५८ टक्के मतंसुद्धा पडली नव्हती. आज तोच नियम मताला टाकला तर तो स्वतःच नापास होईल. आणि त्याच कागदावर वरच्या बाजूला ट्रम्प यांनाही फ्लोरिडात ५६ टक्केच पडले. त्यांना मात्र राष्ट्राध्यक्ष निवडणारी राज्याची तीसच्या तीस मतं. एकाच कागदावर एक ५६ राजा आणि दुसरा ५६ रंक.

आणि बरं का, त्याच ट्रम्पनी सप्टेंबरात जाहीर सांगितलं होतं की मी तीनला हो म्हणणार. ग्रुपवरच्या ज्या मंडळींनी काल रात्री त्यांच्यासाठी फटाके टाकले, त्यांनीच आज सकाळी हा लाडू टाकला. असो. तुमचा उमेदवार, तुमचा लाडू.

मला चीड आली ती 'गर्दुल्ले' या शब्दाची. एक तर गर्दुल्ला गर्द ओढतो, गांजा नाही. मुंबईत वाढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं. आणि दुसरं म्हणजे तो शब्द वाचला की मला माझ्या मागच्या अंगणातलं कुंपण दिसतं.

ही गोष्ट इथल्या चार-पाच जणांनाच ठाऊक आहे. नाव लिहीत नाही. बार्शीचा पोरगा म्हणू. २०१८ साली एमएस करायला आला, आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायचा. मला काका, हिला काकू. शनिवारी गाडी धुवायचा, न सांगता. २०१९च्या मार्चमध्ये रात्री पावणेदोनला फोन वाजला. "काका, मी आहे." एवढंच बोलला आणि रडायलाच लागला. मित्राची गाडी, मागचा एक दिवा गेलेला, पोलिसाने थांबवलं, वास आला, आणि याच्या सॅकमध्ये पुडी निघाली. पुडी केवढी? चहाचा चमचा भरेल न भरेल. इथे २० ग्रॅमच्या आत असला तरी कायद्याने एक वर्षापर्यंत तुरुंग आणि हजार डॉलरपर्यंत दंड. मी पहाटे चारला काउंटीच्या तुरुंगाबाहेर कडक लाकडी बाकावर बसलो होतो, पाचशे डॉलर भरून. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बुटांच्या लेस काढून घेतलेल्या होत्या. गाडीत बसल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "काका, अप्पांना सांगू नका."

नाही सांगितलं. पहिलाच गुन्हा म्हणून क्लास करायला लावले, समाजसेवा करायला लावली आणि खटला काढून टाकला. आम्हाला वाटलं सुटलो. दोन महिन्यांनी ईमेल आला की व्हिसा रद्द. वकीलबाई म्हणाल्या, आत आहेस तोवर शिकायला हरकत नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकलंस तर परत येशील याची खात्री मी देणार नाही.

डिसेंबरात अप्पा गेले. झोपेत. पासष्टीही झाली नव्हती.

तो गेला नाही. दोन दिवस बॅग भरून दाराशी ठेवली होती. एक सत्र राहिलं होतं आणि बँकेचं कर्ज अप्पांच्या जमिनीवर होतं. परत येता आलं नसतं तर जमीन गेली असती. तिकडे चुलतभावाने अग्नी दिला. आणि दहाव्याला हा म्हणाला, मला इथे पिंड ठेवायचाय.

बार्शीहून गुरुजी व्हिडिओवर. केळीचं पान अंगणातलंच, फ्लोरिडात तेवढं सुख आहे. हिने भात केला, पिंड वळला, कुंपणावर ठेवला. आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे. आता इथला कावळा कसा ओरडतो माहितेय? काव काव नाही करत. हा छोटा किनाऱ्याकडचा कावळा, नाकातून बोलतो, 'अंहं, अंहं'. खरंच सांगतो, पक्षी बघणारे लोक त्याला त्या आवाजावरूनच ओळखतात. तारेवर तीन बसले होते. पोरगा हात जोडून म्हणाला, आईला सांभाळीन. अंहं. ताईचं लग्न करून देईन. अंहं. जमीन सोडवीन. अंहं. मग जरा थांबला आणि म्हणाला, "अप्पा, मी पोलिसात सापडलो होतो, म्हणून आलो नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं." फोनवर पलीकडे आई होती. तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

कावळा शिवलाच नाही. खार आली आणि अर्धा पिंड घेऊन गेली. गुरुजी म्हणाले दर्भाचा कावळा करा. दर्भ कुठला आणणार? लॉनमधलं गवत उपटून केला.

तर ग्रुपवरच्या मित्रांनो, तो गर्दुल्ला हा. आज तुमचा लाडू त्याच्या नावाचा होता.

आता कोणीतरी हुशार लिहिणार की काल तीन नंबर पास झाला असता तरी दिल्लीसारखं इथे वॉशिंग्टन आहे, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा १९७० सालीच हेरॉइनच्या शेजारी पहिल्या यादीत बसवला, त्यामुळे परदेशी मुलाला काही संरक्षण नव्हतंच. कबूल. २०१९च्या एप्रिलमध्ये तर केंद्राने नागरिकत्वाबद्दल स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजा घेतला असेल तर तुमचं 'नैतिक चारित्र्य' धोक्यात. कोलोरॅडोत दुकानात जाऊन कर भरून पावती घेऊन खाल्लेली गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळीसुद्धा त्यात आली. पण त्या रात्रीचं बोला ना. पोरगा बावीसचा होता. पुडी जवळ असणं गुन्हा नसता तर हातकडी नाही, बोटांचे ठसे नाहीत, तो ईमेल नाही. पोलिसाने दिव्याच्या दंडाची पावती फाडून हातात दिली असती आणि दोघं घरी आले असते.

आणि ज्यांना याची सगळ्यात जास्त झळ बसते त्यांना मतच नाही. व्हिसावाल्याला नाही, ग्रीन कार्डवाल्याला नाही. त्या एकवीस अंगठ्यांमधले निदान दहा जण ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. त्यांची मुलं कॉलेजात आहेत. बाबांनो, तुम्ही नक्की कोणाच्या हरण्यावर नाचताय?

दारूचं मी बोलणार नव्हतो, पण बोलतोच. गेल्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये डिकी उघडून काय चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यातले दोघं स्वतः गाडी चालवत घरी गेले. आणि होळीला हेच लोक 'आमच्या उज्जैनच्या थंडाईत' म्हणून डोळे मिचकावतात. आपल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने नुसती पानं गांजात धरली नाहीत, त्या फटीतून भांग सुटली म्हणून ती संस्कृती, आणि त्याच झाडाचा शेंडा म्हणजे गर्द. झाडाला तरी कळतं का कुठपर्यंत संस्कृती?

(पाणी पिऊन आलो.)

हा तीन नंबर फार पवित्र होता असंही नाही. ट्रूलीव्ह म्हणून कंपनी आहे, इथली वैद्यकीय गांजाची सगळ्यात मोठी विक्रेती. तिने या प्रचारात चौदा कोटी डॉलरच्या आसपास ओतले. घरी एक रोप लावायची परवानगी मात्र त्या मसुद्यात नव्हती. का नसेल, हे सांगायला नको. गव्हर्नर डीसँटिस तेच ओरडून सांगत होते, आणि त्या एका मुद्द्यावर माणूस बरोबर होता. पण मग त्यांच्याच सरकारच्या खात्यांनी लोकांच्या पैशातून टीव्हीवर गांजाच्या दुष्परिणामांच्या जाहिराती केल्या, ऐन मतदानाच्या तोंडावर. तो माझ्याही कराचा पैसा होता.

विरोध करणारे म्हणाले, वास येतो. येतो. न्यूयॉर्कला गेलो की मलाही नको होतं.

आता जे लिहायचं नव्हतं ते. आमच्या घरात काल एक हो पडलं आणि एक नाही. नाही हिचं. जिने तो पिंड वळला तिचं. गाडीत मी विचारलं, अगं तू? ती म्हणाली, "त्या पोराचं वाईट वाटतं म्हणून आपल्या पोरीच्या शाळेच्या रस्त्यावर दुकान उघडायचं का?" मुलगी सोळाची आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलाला गेल्या वर्षी भास व्हायला लागले, दवाखान्यात ठेवावं लागलं, तो सतत गांजाचा व्हेप ओढायचा. मी म्हटलं, तो बंदी असतानाच ओढत होता ना. ती म्हणाली, "मग उघडल्यावर कमी ओढेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्ताही नाही. घरी येईपर्यंत दोघं गप्प. रात्री तिनेच चहा केला.

हिच्या 'नाही'चा मला राग नाही. तिने कुंपणाशी उभं राहून नाही म्हटलंय. राग आहे तो पणत्यांचा.

आणि हे प्रकरण संपलेलं नाही, हेही लिहून ठेवतो. २०१४ साली वैद्यकीय गांजाचा प्रश्न इथे असाच ५८ टक्क्यांच्या आत अडकून पडला होता. तेव्हाही लाडू वाटले असतील. दोन वर्षांनी तोच ७१ टक्क्यांनी आला. आज आपल्या मंडळातल्या ज्या काकू गुडघ्याला गांजाचं मलम लावतात, त्यांचं वैद्यकीय कार्ड त्या ७१ मधून आलंय. काकू, नाव घेत नाही, घाबरू नका.

बार्शीचा पोरगा आता हिंजवडीत आहे. कर्ज फिटलं, ताईचं लग्न झालं. दुपारी त्याचा मेसेज आला, "काका, तुमच्या तीनचं काय झालं?" मी लिहिलं, ५६. तो म्हणाला, मग बरंय की, फर्स्ट क्लासच्या जवळ. मी लिहिलं, पासिंग ६० ला आहे. बराच वेळ काही आलं नाही. मग एकच शब्द आला, "अंहं." आणि एक हसरा चेहरा.

ग्रुप सोडत नाहीये, सोडल्यावर तुम्हीच फोन करणार. शनिवारच्या कार्यक्रमाच्या चकल्या आमच्याकडे आहेत, दोनशे झाल्यात, उरलेल्या हिने उद्या तळायला घेतल्यात. पार्किंगमधल्या डिकीसाठी बर्फ मात्र ज्याचा त्याने आणावा.