‘युरोप संपला’वाल्या फॉरवर्डचा हिशोब

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 2008 ला युरोप-अमेरिका बरोबरीत होते, आता अमेरिका दीडपट, कारण युरोपियन लोक आळशी, त्यात पवनचक्क्यांच्या नादात वीज महाग करून बसले आणि आता जर्मनी बुडाली. सोबत दोन रेघांचा ग्राफ.

आधी ग्राफच घ्या. तो डॉलरमध्ये आहे. जुलै 2008 मध्ये एक युरो जवळपास 1.60 डॉलरला होता, सप्टेंबर 2022 मध्ये तो एका डॉलरच्याही खाली आला, म्हणजे कारखान्यातून तेवढाच माल निघाला तरी डॉलरमध्ये कमीच दिसणार ना. वर 2020 ला ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. कमावता भाऊ वेगळा राहायला गेला आणि लोक म्हणतायत घराचं उत्पन्न घटलं! युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्राघींच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये क्रयशक्तीच्या हिशोबाने (म्हणजे तेवढ्या पैशात तिथे प्रत्यक्ष किती माल येतो ते धरून) 2023 चं अमेरिकेशी अंतर 12 टक्के आहे. अर्थात युरोपची लोकसंख्या जास्त, त्यामुळे दरडोई बघितलं तर अंतर बरंच मोठं, ते मान्य.

पण ते आळसामुळे? जर्मन माणूस अमेरिकनपेक्षा वर्षाला कमी तास काम करतो हे खरंय, तरी त्याच रिपोर्टप्रमाणे दरडोई फरकातला साधारण 70 टक्के भाग उत्पादकतेचा (तासाभरात किती काम निघतं त्याचा) आहे, तासांचा नाही. त्यामागचं एक कारण म्हणजे, कंपनी मोठी करायची तर 27 देशांचे वेगवेगळे नियम. आयएमएफच्या अंदाजाने युरोपातल्या युरोपात माल विकताना येणारे अडथळे साधारण 44 टक्के जकातीएवढे आहेत, सेवांमध्ये तर 110. 2025 मध्ये ट्रम्पच्या 15 टक्के टॅरिफवर एवढी बोंब झाली, आणि हे घरातलं कोण बघणार?

पवनचक्क्यांचं म्हणाल तर तिथे विजेचा घाऊक भाव ठरतो त्या वेळी चालू असलेल्या सगळ्यात महाग प्लांटवर, आणि तो बरेचदा गॅसचा असतो. 2021 मध्ये आयात गॅसपैकी साधारण 45 टक्के रशियाचा होता, मग युक्रेन युद्ध सुरू झालं आणि गॅस महागला. उलट स्पेनने सोलर आणि वारा भरपूर लावलाय आणि 2024 ला तो 3 टक्क्यांहून जास्त वाढला (पर्यटक आणि बाहेरून आलेले कामगार यांचाही त्यात हात आहेच). जर्मनीने शेवटचे तीन अणुप्रकल्प एप्रिल 2023 मध्ये बंद केले, त्यावर शिव्या घालायच्या तर मी पण येतो.

आता जर्मनी. 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसली, खोटं नाही. पण हा देश कर्जात बुडालेला नाही हो, सरकारी कर्ज जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या) 60-65 टक्के, अमेरिकेचं 120 च्या आसपास. उलट 2009 मध्ये राज्यघटनेतच कर्जाला ब्रेक (सरकारने नवं कर्ज किती काढायचं यावर मर्यादा) लावून घेतला आणि वर्षानुवर्षं दुरुस्तीवर पुरेसा खर्चच केला नाही. ल्यूडेनशाइडजवळचा ए45 हायवेवरचा राहमेडे पूल डिसेंबर 2021 ला अचानक बंद करावा लागला, मे 2023 मध्ये सुरुंग लावून पाडला, आणि त्या भागातल्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांचे ट्रक गावातल्या रस्त्यांवरून रांगत राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये ड्रेस्डेनच्या कॅरोला पुलाचा एक भाग रात्रीत नदीत कोसळला, काही मिनिटं आधीच त्यावरून ट्राम गेली होती. मार्च 2025 मध्ये कुठे तो ब्रेक सैल केला आणि 12 वर्षांसाठी 500 अब्ज युरोचा फंड काढला. आता प्रश्न पैशाचा कमी आणि परवानग्या, इंजिनीअर, मजूर यांचा जास्त.

खरंच काळजी करायची तर फ्रान्सची करा. 2024 ला सरकारी तूट जीडीपीच्या 5.8 टक्के, खर्चात कपात सुचवली की सरकार पडतं, आधी डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधान बार्निए गेले, मग सप्टेंबर 2025 मध्ये त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बायरू. त्या फॉरवर्डमध्ये फ्रान्सचं नावसुद्धा नाही.