म्हणे, स्कॅनिंगमुळे वाचनालयं बुडणार!

आमच्या गिरगावच्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: ‘ग्रंथालयांनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर फुकट टाकणं म्हणजे लेखकाच्या पोटावर पाय. वाचनालयं ओस पडतील, मूळ प्रती रद्दीत जातील. आणि नाहीतरी गुगलवर सगळं आहेच!’ खाली हात जोडलेले.

पोटावर पाय? कोणाच्या? १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं संरक्षित असतं, आणि ही साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११पासून त्यांची पुस्तकं सगळ्यांची. आचार्य अत्रे गेले १९६९ साली, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायचं. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत सार्वजनिक ग्रंथालय ठेवू शकतं, पण ती नेटवर खुली करायला परवानगी लागतेच. कालपरवाच्या कादंबरीची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते ती निव्वळ चोरी. तिचं बिल ग्रंथालयाच्या नावावर का फाडायचं?

वाचनालयं ओस पडतील म्हणे. वर्गणीदार येतात नव्या कादंबऱ्यांसाठी, दिवाळी अंकांसाठी. स्कॅन होतं ते शंभर वर्षांपूर्वीचं मासिक, आणि ते तसंही कोणी घरी नेऊ देत नाही.

रद्दीची भीती मात्र अगदीच खोटी नाही. स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत टाकून देणारे महाभाग असतात. पण स्कॅन न करता काय होतं तेही बघा. एका वाचनालयात (नाव नको) मी एक जुनं मासिक मागितलं. काकांनी गठ्ठा सोडला, मी पान उलटलं आणि कोपरा हातातच आला. इराण्याच्या टेबलावर खारीचा चुरा पडावा तसा टेबलभर कागद. त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, तो आतूनच कुजतो. वर मुंबईचा दमटपणा आणि कसर. अशी प्रत दहा हातांतून गेली की संपली. स्कॅन असलं तर ती कपाटात निवांत राहते.

राहिलं गुगल. फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ हे डिजिटल ग्रंथालय उभारलं, तेव्हा कुठे तिथली दुर्मीळ पानं घरबसल्या दिसू लागली. आपोआप काही चढत नाही. आणि नुसता फोटो चढवूनही भागत नाही. मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात आज हवा तो शब्द क्षणात सापडतो, कारण शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पात त्याचा मजकूर शोधता येईल असा उतरवला गेला. आपल्याकडे जुन्या वळणाचे ‘अ’, ‘झ’ आले की ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) गडबडतं, आणि मोडीची तर बातच सोडा.

फॉरवर्ड करणाऱ्यांना तक्रारच करायची असेल, तर खरी तक्रार मी देतो. स्कॅन केलेलं एक जुनं प्रवासवर्णन उघडलं. नकाशाच्या पानावर नकाशाची घडी तशीच मिटलेली, आणि कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठा.